पाटीशेजारी पाना

गेल्या वर्षी दसऱ्याला आमच्या शाळेत पाटीपूजन झाले. एकाच्या आकड्यांची सरस्वती फळ्यावर काढण्याचे काम चित्रकलेचा मास्तर म्हणून रीतीप्रमाणे माझ्याकडे होते. ते मी केले. मांडलेल्या पाटीवर मुलांनी झेंडूची फुले वाहिली. इतक्यात नववीतल्या एका मुलाने खिशातून एक पाना काढला आणि तो पाटीशेजारी ठेवला. साधा, दोन तोंडांचा, अर्धा इंची पाना. त्यालाही हळदकुंकू लागले. घडले ते एवढेच. पण शाळेच्या व्यवस्थापनातल्या एका सन्माननीय गृहस्थांनी मेलेला उंदीर उचलावा तसा तो पाना दोन बोटांनी उचलला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मास्तर, ही शाळा आहे. गॅरेज नव्हे."

गृहस्थ मनाने वाईट नाहीत. आदल्याच दिवशी त्यांच्या घरी खंडेनवमी थाटाने झाली होती. दारातल्या दोन्ही मोटारींना झेंडूच्या माळा होत्या, चाकांखाली लिंबे होती आणि ड्रायव्हरला पेढा मिळाला होता. म्हणजे हत्यार पूजेला चालते. ते हत्यार रोज धरणारा हात मात्र शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचा. वस्तूची पूजा करायची आणि कामाचा विटाळ मानायचा, ही आपली फार जुनी खोड आहे. त्या दिवशी मी गप्प बसलो. सणाच्या दिवशी तंटा नको म्हणून बसलो की नोकरीच्या भीतीने, याचा निवाडा मला आजपर्यंत करता आलेला नाही. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हा लेख.

वाचकहो, आधी माझा गुन्हा काय तो ऐका. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, आजच्या भाषेत दहावी पास. चित्रकला शिकवून पोट भरतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. सहा वर्षांपूर्वी एका वकिलांच्या पडक्या गोठ्यातून मी भंगाराच्या भावात एक मोटार उचलली. १९६५ साली नोंदलेली, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. तिच्या मागच्या बाकावर कोंबड्यांनी संसार थाटला होता. तेव्हापासून आठवड्यातून दोन संध्याकाळी, चार ते सहा, माझ्या परसात ती मोटार उघडली जाते, घासली जाते, जोडली जाते. शाळेतली पाचसहा मुले मदतीला असतात. हाच तो गुन्हा.

या गाडीचे कूळ सांगितले पाहिजे. १९५९ साली इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहरी स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने ट्रायम्फ हेराल्ड बाजारात आणली. तिचे रेखाटन इटलीतल्या मिकेलोत्ती यांचे. पत्र्याची बॉडी करून देणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतल्यामुळे हेराल्डच्या कर्त्यांपुढे पेच पडला होता. त्यांनी त्यातून वाट काढली. खाली स्वतंत्र लोखंडी सांगाडा ठेवला आणि वरच्या पत्र्याचे भाग निरनिराळ्या ठिकाणी करवून ते एकमेकांना बोल्टांनी जोडले. तोच सांगाडा आखूड करून १९६२ साली त्यांनी स्पिटफायर ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार काढली. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून हेराल्ड बनवली. इंजिन अवघे ९४८ घनसेंटिमीटरचे. तेव्हा ही गाडी म्हणजे स्पिटफायरची थोरली, पोक्त, संसारी बहीण. पण रक्त तेच. तिचे सगळे नाक बिजागरीवर पुढे कलंडते, इंजिन चारी बाजूंनी मोकळे होते, आणि पुढच्या चाकावर बैठक मारून माणूस पाटावर बसल्यासारखा काम करू शकतो. बोल्टांनी जोडलेली वस्तू बोल्टांनीच उघडते. घरच्या परसात दुरुस्त करायला याहून सोयीची गाडी मला ठाऊक नाही.

आता आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. "मास्तर शाळेच्या पोरांना स्वतःच्या गाडीवर फुकट राबवतो," असे बोलले गेले. यात राग येण्यासारखे काही नाही. शिक्षकावर असा डोळा असलाच पाहिजे. पहिल्या महिन्यात मी पालकांची लेखी परवानगी घेतली नव्हती. ती माझी चूक. त्यानंतर परवानगीशिवाय एकही मूल अंगणात आलेले नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जायचे नाही, खाली घोडी लावल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही, वेल्डिंग आणि रंगाचा फवारा मुलांनी मारायचा नाही, हे नियम भिंतीवर रंगवलेले आहेत. आणि राबवण्याचे म्हणाल, तर जे काम माझे मेस्त्री अर्ध्या तासात करतील, ते मुलांना शिकवत करायला मला तीन संध्याकाळी लागतात. फुकट राबवून घेण्याचा याहून तोट्याचा धंदा जगात नसेल.

दुसरा आक्षेप तोंडावर कोणी घेत नाही, पण सर्वांच्या मनात तोच असतो. एका पालकांनी मात्र तो सरळ बोलून दाखवला, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. ते म्हणाले, "मास्तर, पोरगं वह्या काळ्या करायच्या ऐवजी हात काळे करून घरी येतंय. माझ्या बापानं आयुष्यभर हात काळे केले ते कशासाठी? नातवानंही तेच करावं म्हणून?" या प्रश्नापुढे मी थोडा वेळ निरुत्तर झालो. ज्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या काळे हात नशिबाने लादले, त्याला ते हात धुऊन टाकावेसे वाटले तर त्याला दोष देणारा मी कोण? पण रोग कुठे आहे तो पाहा. त्यांच्या वडिलांचे दुःख हात काळे होण्याचे नव्हते. काळ्या हाताला खुर्ची मिळत नव्हती, याचे ते दुःख होते. त्यावर उपाय म्हणून आपण हात पांढरे करायला निघालो, आणि खुर्ची होती तिथेच, होती तशीच राहिली.

याच शहरात उद्यमनगर आहे. तिथल्या ओतशाळांत आणि लेथवर जी माणसे उभी राहिली, त्यांतल्या कितीकांनी कॉलेज पाहिलेले नाही. देशाच्या मोठमोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग तिथून जातात. आणि दूर कशाला, माझ्याच जातीचा, म्हणजे चित्रकलेच्या मास्तरांच्या जातीचा दाखला देतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून ती सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्या मास्तरांना कोणी "ही शाळा आहे, गॅरेज नव्हे" असे ऐकवले असते आणि त्यांनी ते मानले असते, तर आपला शेतकरी कुठल्या नांगराने नांगरत राहिला असता?

हातांनी शिकण्याची ही गोष्ट नवीही नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा आग्रह मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्यासारख्या कारागिरांच्या हाताखाली शिकावे, असे म्हटले आहे. आमच्या त्या सन्माननीय गृहस्थांनी या धोरणावर शाळेत तासभर भाषण केले होते, आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या. कागदावरचा सुतार त्यांना चालतो. अंगाला ग्रीसचा वास येणारा मेस्त्री दारात उभा राहिला की अडचण होते.

तिसरा आक्षेप दुसऱ्या टोकाकडून येतो. हे लोक मोटारींचे मोठे भक्त. त्यांच्या गाड्या मुंबई-पुण्याच्या मेळाव्यांत आरशासारख्या चकाकत असतात. त्यांच्यापैकी एकाने माझी हेराल्ड पाहून कपाळाला हात लावला. "तुम्ही हिला बाटवलीत!" मागची कमान बदलली, पट्टे लावले, पेट्रोलच्या नळ्या बदलल्या, डॅशबोर्डला सागवान लावले. "जीर्णोद्धार म्हणजे मूळ होते तसे करणे," असे त्यांनी मला सुनावले, आणि एकनाथांचे उदाहरण दिले. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीत पदरची भर घातली नाही, आणि घालू पाहणाऱ्यांना बजावून ठेवले. दाखला खरा आहे आणि मला तो शिरोधार्य आहे. पण ज्ञानेश्वरी हा ग्रंथ आहे. तो पाच जणांना घेऊन पन्हाळ्याच्या वळणावर चढत नाही. अहिल्याबाईंनी १७८० साली काशीला विश्वेश्वराचे देऊळ बांधले ते आधीच्या देवळाची नक्कल म्हणून नव्हे. देवाला पुन्हा पूजेत आणणे हा तिथे जीर्णोद्धार होता. गाडीला पुन्हा रस्त्यावर आणणे हा माझा.

शिवाय "मूळ, मूळ" म्हणतात ते मूळ किती निर्दोष होते? हेराल्डच्या मागच्या चाकांची मांडणी अशी, की वेगात वळण घेताना चालकाने घाबरून एकदम पाय उचलला तर बाहेरचे चाक पोटाखाली मुडपते आणि गाडीचे ढुंगण रस्ता सोडते. ही खोड कंपनीलाही ठाऊक होती. १९७० साली निघालेल्या स्पिटफायरला तिने कमानीचे बहुतेक पाटे मधल्या खुंटीवर मोकळे डुलतील अशी नवी कमान बसवली. मद्रासच्या कंपनीने हेराल्डच्या पाठोपाठ गॅझेल काढली, तेव्हा ती मांडणीच टाकून देऊन सरळ अखंड आस घातला. जन्म देणाऱ्यांनीच जे मूळ टाकले, ते मी छातीशी धरून मुलांना वळणावर न्यावे काय?

आणि काळ तरी मूळ कुठे राहिला आहे? या गाडीच्या तारुण्यात पेट्रोलमध्ये शिसे असे, आणि ते व्हॉल्व्हच्या बैठकांचे रक्षण करी. २००० साली आपल्या देशातून शिशाचे पेट्रोल गेले. हवेसाठी ते गेले हे उत्तमच झाले. पण मऊ बिडाच्या बैठका तशाच ठेवल्या तर त्या झिजणार, म्हणून उद्यमनगरातून कठीण धातूच्या कड्या करवून बसवाव्या लागल्या. २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने सांगितले. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचे ते इथेनॉल. त्याच्याशी माझे भांडण नाही. पण ते पाणी ओढते, आणि साठ वर्षांपूर्वीच्या रबराला फुगवून मऊ करते. मूळ नळ्या ठेवल्या तर एके दिवशी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकेल. "मूळ रूपातली" हेराल्ड आज फक्त एकाच ठिकाणी सुरक्षित आहे: जिथे ती चालवली जात नाही तिथे.

याचा अर्थ वाटेल तो बदल करावा असा नाही. सायलेन्सर कापून गल्लीत बोंब मारीत फिरणारे, ब्रेक तसेच ठेवून इंजिनाचे बळ तेवढे वाढवणारे, हे माझे सोबती नव्हेत. माझा नियम साधा आहे: आधी थांबणे, मग वळणे, मग धावणे. ब्रेक आणि सुकाणू पक्के झाल्याशिवाय हौसेला हात घालायचा नाही. त्यानंतर मात्र हौस करावी. सागवानी डॅशबोर्डने गाडी अधिक सुरक्षित झालेली नाही, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. तो मुलांनी स्वतः कानसून, घासून, तेल पाजून केला आहे, आणि तो पाहिला की मला बरे वाटते. एवढे कारण मला पुरते.

चौथा आक्षेप सरकारचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीत लिहिलेला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. या कलमामागचे कारण मला पटते. सांगाडा कापून लांब केलेले ट्रक आणि जिवाशी खेळणाऱ्या जुगाडी गाड्या रस्त्यावर माणसे मारतात. पण २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी केलेले नियम वाचा. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली आणि मोठी फेरदुरुस्ती न झालेली गाडी म्हणजे 'व्हिंटेज'. नव्याने नोंदणी करायला शुल्क २०,००० रुपये, आणि रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणायची नाही. विचार करा: साठ वर्षे होऊनही जिची मोठी दुरुस्ती झाली नाही अशी गाडी कोणाकडे असेल? जी कधी राबलीच नाही, जिला कुलपात ठेवायला ज्याच्याकडे बंगला होता, त्याच्याकडे. जी डॉक्टरला पावसात खेड्यावर घेऊन गेली, जिने तीन पिढ्यांची लग्ने वाहिली, जी गंजली, मोडली आणि कोणा मेस्त्रीच्या हातून पुन्हा उभी राहिली, ती या मानाला मुकली. नियमाने आळसाला बक्षीस दिले आणि श्रमाला बाहेर बसवले.

मी सवलत मागत नाही, तपासणी मागतो. जर्मनीत गाडीतला बदल तपासनीसापुढे उभा करता येतो. तो ठोकून पाहतो, पसंत पडला तर कागदावर चढवतो, नाही तर परत पाठवतो. तीस वर्षांहून जुन्या गाडीला तिथे वेगळी पाटी मिळते, आणि त्या काळाला साजेसे बदल तिला वर्ज्य नसतात. आपल्याकडेही एखाद्या जाणत्या निरीक्षकाने माझ्या परसात यावे, गाडीखाली निजावे आणि मला नापास करावे. मी पुन्हा परीक्षेला बसेन. पण प्रश्नपत्रिका न काढताच शून्य गुण देणारी परीक्षा मास्तर म्हणून मला मान्य नाही.

तोपर्यंत मी कायदा पाळतो. हेराल्डचे छतसुद्धा बोल्टांवरच बसवलेले असते. ते काढले की खाली उघडी, जवळजवळ स्पिटफायरसारखी गाडी निघते. पण नोंदणीत तिला छत आहे, म्हणून रस्त्यावरही छत आहे. एकदाच, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, आम्ही परसातच ते सोडवले. चार मुलांनी ते अलगद उचलून कडुनिंबाखाली ठेवले. मग पाच जण आत बसले. गाडी वीतभरही हलली नाही. तासाभराने छत जागेवर गेले. तेवढ्याने मुलांचा आठवडा आनंदात गेला.

आता माझी फजिती सांगतो, कारण ती लपवली तर बाकीचे बोलणे खोटे ठरेल. या गाडीच्या पुढच्या चाकाला खालच्या बाजूस पितळेसारख्या धातूची एक आटेदार बैठक असते; चाक वळते ते तिच्यात फिरून. तिच्यावर एक लहानसा स्क्रू आहे. तो काढून मी वर्षानुवर्षे तिथे ग्रीस भरीत होतो. बाजारातले सगळे तेच सांगत, आणि मलाही त्यात शंका घेण्यासारखे काही वाटले नाही. एके दिवशी शाळेच्या फाटकाशी, माणूस चालतो त्या वेगात गाडी वळवताना डावे चाक मोडून आडवे पडले. कोणाला लागले नाही. हाच प्रकार घाटात झाला असता तर हा लेख लिहायला मी राहिलो नसतो.

तुकडे अंगणात मांडले तेव्हा त्याच नववीतल्या मुलाने आट्यांवरून बोट फिरवले. "सर, इथं आतून गंज हाय. ग्रीस पोचलंच न्हाई." त्याच्या बोटाला जे कळले ते माझ्या डोळ्यांना दिसत नव्हते. मग त्याने विचारले, "पुस्तकात काय लिहिलंय?" गाडीचे जुने माहितीपुस्तक सहा वर्षे वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या कपाटात होते. उघडले. साफ लिहिले होते: तिथे गिअरचे तेल घालावे. ग्रीस नव्हे. घट्ट ग्रीस तळच्या आट्यांपर्यंत उतरत नाही, पाणी आत शिरते, पोलाद गंजते आणि एके दिवशी तुटते. मी पुस्तकांवर जगणारा माणूस, आणि मीच पुस्तक वाचले नव्हते. ज्याचा हात जाणता, त्याला ते इंग्रजी पान वाचता येत नव्हते. ज्याला वाचता येत होते, त्याचा हात आंधळा होता. चाक मोडले ते या दोघांच्या मधल्या फटीत.

त्या दिवसापासून माझ्या परसात एक नियम आहे. कुठलाही भाग उघडण्याआधी त्याचे पान मोठ्याने वाचायचे, आणि ज्याचे इंग्रजी सर्वांत कच्चे त्याने वाचायचे. तो मुलगा पहिल्यांदा एका ओळीला चार वेळा अडखळला. टॅपेटची फट एक सहस्रांश इंचाच्या दहापट का, हे समजून घेण्यासाठी त्याने दशांश अपूर्णांक पुन्हा शिकून घेतले. वर्गात ते तीन वर्षे त्याच्या डोक्यावरून गेले होते. वार्षिक परीक्षेत त्याला इंग्रजीत एक्केचाळीस गुण पडले. पहिल्यांदाच पास. त्याच्या वडिलांनी, त्याच ज्यांनी मला काळ्या हातांचा प्रश्न विचारला होता, गुणपत्रिका दोनदा वाचली आणि काही न बोलता घडी करून खिशात ठेवली. मी याला विजय म्हणत नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा नापासही होईल. पण आपण 'ढ' नाही हे त्याला कळले आहे, आणि ते त्याला पाट्यांनी नव्हे, पाट्यांशेजारच्या पान्याने सांगितले.

म्हणून माझे म्हणणे इतकेच. पाटी काढून पाना ठेवा असे मी म्हणत नाही. नुसत्या पान्याने माझे चाक मोडले. पाना काढून पाटी ठेवू नका, एवढेच सांगतो. कारण नुसत्या पाटीने त्या मुलाचे डोके मोडत आणले होते. 'हात फिरे तिथे लक्ष्मी वसे' असे आपण म्हणतो. तिथे सरस्वतीलाही बसायला जागा असते, हे शाळांनी आता मान्य करावे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा यंदाचा दसरा होऊन गेलेला असेल. पाटीशेजारी तो अर्धा इंची पाना मी स्वतः ठेवलेला असेल. आमच्या सन्माननीय गृहस्थांना तो पुन्हा उचलावासा वाटला तर माझी हरकत नाही. एवढेच करावे की या वेळी तो दोन बोटांनी न उचलता चांगला मुठीत धरून उचलावा. पाना धरतात कसा, तेवढे तरी त्यांना कळेल.